‘पैसे वसूल’ नावाचा आजार

मे महिन्यातल्या सोमवारी माझ्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी असते. खांदे आणि नाकाचा शेंडा भाजलेली मुलं, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेली मुलं, लघवीला आग होते म्हणून आलेल्या बायका आणि ‘कालपासून जरा गरगरतंय’ म्हणणारे आजी-आजोबा. त्यामुळे हल्ली मी तपासायच्या आधीच विचारतो, ‘काल कुठे गेला होतात?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. वॉटर पार्क, नाहीतर मोठं थीम पार्क.

हे वाचून काही जण म्हणतील, झालं, डॉक्टरांनी आता सहलीवरही बंदी घातली. तसं नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, त्याच सुमारास आम्ही मेडिकलची पोरं बोटीत बसून तिथे गेलो होतो आणि परत येताना घसा बसलेला होता, इतके ओरडलो होतो. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त घाई झाली होती. मला पाळणेही आवडतात आणि मक्याचं कणीसही. माझं भांडण पार्कशी कमी आणि आपण ज्या पद्धतीने तिथे जायचं ठरवतो तिच्याशी जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे जुने पेशंट, आपण त्यांना काका म्हणू. वय सदुसष्ट, मधुमेह अठरा वर्षांचा, बीपीची गोळी चालू, स्वभाव हौशी. मुलगा, सून, लेक, जावई, तीन नातवंडं आणि हे दोघं, असे नऊ जण दोन गाड्या करून एका मोठ्या पार्कला गेले. माणशी दीड हजारांचं तिकीट, म्हणजे दारातच साडेतेरा हजार. पेट्रोल, टोल, जेवण धरून वीस हजारांचा चुराडा. पहाटे साडेतीनला निघाले. सकाळची गोळी काकांनी घेतली, नाश्ता मात्र ‘वाटेत करू’ म्हणून राहिला आणि वाटेत एक वडापाव झाला. दार उघडायच्या आधी रांगेत उभे. दुपारी एक वाजता पाण्याच्या बाजूला आले. तिथे चपला लॉकरमध्ये ठेवायच्या होत्या. नातवाचा हात धरून काका अनवाणी या पाळण्यावरून त्या पाळण्याकडे तीन तास हिंडले. उन्हात तापलेली फरशी पन्नास अंशांच्या वर सहज जाते. आपण तिच्यावर टुणटुण उड्या मारत पळतो. काकांनी उड्या मारल्या नाहीत, कारण त्यांना काही जाणवलंच नाही. जुन्या मधुमेहात पावलांच्या नसा बधिर होतात, आणि ज्याला चटका बसत नाही तो माणूस पाय उचलत नाही.

रात्री घरी आल्यावर मोजा ओला लागला म्हणून काकूंनी पाहिलं, तर दोन्ही तळव्यांवर फोड आणि एक फुटलेला. घरात होतं ते मलम लावलं. माझ्याकडे आले चौथ्या दिवशी, ताप आल्यावर. पुढचे दोन महिने ड्रेसिंग, दोनदा ॲडमिट, आणि शेवटी उजव्या पायाची करंगळी काढावी लागली.

ही गोष्ट सांगताना मला माझी चूकही सांगितली पाहिजे. जायच्या आधी पंधरा दिवस काका नेहमीच्या तपासणीला आले होते. ‘नातवंडांबरोबर पार्कला चाललोय’ असं त्यांनी सांगितलं होतं. मी साखरेचा आकडा पाहिला, बीपी पाहिलं आणि म्हणालो, ‘मजा करा!’ अनवाणी चालावं लागेल का, ऊन किती, जेवण किती वाजता, यातलं काही मी विचारलं नाही. नायलॉनचा धागा पावलाला टेकवून ‘कळतंय का?’ एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. तीही मी दिली नाहीत. बाहेर वीस पेशंट बसले होते, हे कारण खरं आहे, पण ते काकांच्या करंगळीच्या कामाचं नाही.

ड्रेसिंगच्या वेळी काकांचा मुलगा मला म्हणाला, ‘डॉक्टर, दुपारीच बाबा म्हणाले होते की जरा बसू या. पण अजून सहा राईड बाकी होत्या. एवढे पैसे भरलेले.’

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपण सगळे असेच वागतो. तिकिटाला राईडने भागायचं आणि एका राईडला किती पडले ते काढायचं, हे गणित आपण गाडीतच सुरू करतो. त्यात एक साधी गोष्ट विसरतो, की दारात दिलेले पैसे गेले ते गेले. चार पाळणे जास्त फिरलात म्हणून त्यातला एक रुपया परत येत नाही आणि दोन तास झाडाखाली बसलात म्हणून एक रुपया जास्त जात नाही. बसल्याने वाचते ती तब्येत, आणि तिचा खर्च मात्र नंतर वेगळा भरावा लागतो. काकांच्या दवाखान्याच्या बिलात त्या पार्कच्या कितीतरी सहली झाल्या असत्या.

खरं तर दुपारी थांबावं ही अक्कल आपल्याकडे जुनी आहे. मे महिन्यात शेतकरीसुद्धा बारा ते तीन बैल सोडून झाडाखाली बसतो. घरोघरी वामकुक्षी असायची. आणि आपण मात्र, जो एरवी ऑफिसात एसीखाली बसतो तो माणूस, साठी-सत्तरीचे आई-वडील आणि चार वर्षांचं मूल घेऊन बरोबर त्याच वेळी सिमेंटच्या अंगणात रांगेत उभे राहतो.

घाम आला की अंग गार होतं असं आपण म्हणतो, पण नुसत्या घामाने गार होत नाही. तो घाम वाळला पाहिजे. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून किनारपट्टीजवळचे पस्तीस-छत्तीस अंश विदर्भातल्या कोरड्या चाळीसपेक्षा कधी कधी जास्त घातक ठरतात. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० आणि किनारपट्टीला ३७ अंश अशी वेगळी पातळी ठेवली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आत होता. तेव्हा ‘आज फार काही ऊन नाही’ हे मोबाईलवरचा आकडा बघून ठरवू नका.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं या दोघांचं शरीर उन्हात लवकर हार मानतं, पण तक्रार उशिरा करतं. मूल खेळाच्या नादात तहान विसरतं. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते, आणि लागली तरी ‘उगीच सगळ्यांचा खोळंबा’ म्हणून ते बोलत नाही. बायकांचा प्रकार आणखी वेगळा. स्वच्छतागृह कसं असेल, कपडे ओले, रांग मोठी, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. माझ्या सोमवारच्या गर्दीत लघवीच्या जळजळीच्या बायका येतात त्या इथून. आणि सहलीच्या आदल्या आठवड्यात ज्या पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला येतात, त्या निदान विचारायला तरी येतात. बाकीच्या थेट मेडिकलमधून आणतात. ती हार्मोनची गोळी आहे. जिला पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली आहे, जिला एका बाजूचं डोकं दुखण्याचा त्रास आहे, जिचं वजन खूप आहे, तिने ती न विचारता घेऊ नये. एका दिवसाच्या पाण्यासाठी एवढा आटापिटा करण्यापेक्षा सहलीची तारीख चार दिवस पुढे ढकला. पण नाही, तारीख पुरुष ठरवतात, ऑफिसची रजा बघून.

आता औषधांबद्दल. हा भाग मी कंटाळवाणा झाला तरी सविस्तर लिहिणार आहे, कारण सहलीचं प्लॅनिंग करताना कपडे, चार्जर, पॉवर बँक यांची यादी होते, गोळ्यांची होत नाही. आजोबांना लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हात शरीरातलं पाणी आणखी वेगाने कमी होतं. म्हणून काही जण त्या दिवशी ती गोळी स्वतःच बंद करतात, आणि हृदय कमजोर असेल तर रात्री धाप लागते. दोन्ही टोकं वाईट. बीपीच्या काही गोळ्या आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाची ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतली आणि जेवण रांगेत अडकलं, तर साखर धाडकन उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही तिची लक्षणं, आणि उन्हात घरचे समजतात की दमले असतील. डापाग्लिफ्लोझिन जातीच्या नव्या गोळ्यांनी लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं, उपाशीपोटी त्या आणखी गुंता करतात. गाडी लागू नये म्हणून घाटाच्या आधी जी प्रोमेथाझिनची गोळी सर्रास वाटली जाते, तिने झोप येते, घाम कमी होतो, आणि ज्या आजोबांची प्रोस्टेट वाढलेली आहे त्यांची लघवी अडकू शकते. इन्सुलिनचं पेन डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात उभी केलेली बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा अंशांहून जास्त तापते.

यातलं कुठलंही औषध वाचून बंद करायचं नाही, हे पुन्हा सांगतो. जायच्या आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. उन्हात किती तास, जेवण किती वाजता, चालणं किती. त्यांनी माझ्यासारखं ‘मजा करा’ म्हणून उडवून लावलं, तर पुन्हा विचारा.

पाळण्यांबद्दल थोडक्यात. दारावरची पाटी असते, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचा-पाठीचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर बसू नये. ती पाटी आपण वाचतो आणि ‘हे सगळं कायद्यापुरतं असतं’ म्हणून पुढे सरकतो. जर्मनीत तरुण, धडधाकट माणसांवर केलेल्या एका पाहणीत रोलर कोस्टरवर बसताना नव्वदच्या आसपास असलेले हृदयाचे ठोके दीडशेच्या पुढे गेले होते. तरुण हृदयाला ते सोसतं. सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेल्या हृदयाला ते सोसावं म्हणून आपण पैसे देऊन तिकीट का काढायचं? ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या डोक्याला बसणारे हिसके साधे नसतात. मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साकळू शकतं आणि डोकेदुखी काही दिवसांनी सुरू होते, तोवर सहल विसरलेलीही असते. सगळ्यात वाईट म्हणजे जावई मोबाईल धरून विचारतो, ‘काय आजोबा, घाबरलात?’ मग आजोबा बसतातच.

आणि मुलांची उंची. दोन इंच कमी पडले म्हणून जाड तळव्याचे बूट घालून, टाचा उचलायला शिकवून मुलाला आत घालणारे आई-बाप मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तो दांडा आणि पट्टा एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान शरीर त्याखालून निसटतं. तुम्ही तिथल्या कर्मचाऱ्याला फसवता, पट्ट्याला फसवता येत नाही. लाटांच्या तलावातही तेच. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. दंडावरची फुगवलेली रंगीत कडी म्हणजे लाईफ जॅकेट नव्हे. घरातला एक मोठा माणूस, मोबाईल खिशात ठेवून, हाताच्या अंतरावर पाहिजे. आणि ज्या मुलाला जुलाब होताहेत त्याला तिकीट काढलंय म्हणून पाण्यात उतरवू नका. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत, मग इतरांची मुलं माझ्याकडे येतात.

आता पार्कवाल्यांशी भांडतो. बाहेरचं खाणं-पाणी आत न्यायचं नाही, हा आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांचा नियम. कारण स्वच्छतेचं देतात. मग अमेरिकेत ओरलँडोला, जिथे जगातली सगळ्यात गाजलेली थीम पार्क आहेत, तिथल्या डिस्नेच्या पार्कांत स्वतःपुरतं खाणं आणि पाण्याची बाटली नेता येते, आणि आतल्या झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, हे कसं? ती कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पाणी देणं हा सोयीचा नाही, आरोग्याचा मुद्दा आहे एवढं त्यांना कळलं आहे. आपल्याकडे मधुमेही माणसाची भाकरी-भाजी दारात काढून ठेवायची आणि आत त्याला तळलेले बटाटे आणि गोड सरबत विकायचं, याला मी स्वच्छता म्हणत नाही. बाळाचं खाणं, औषधं, मधुमेह्याचा डबा यासाठी आधी फोन करून विचारा, लागलं तर डॉक्टरची चिठ्ठी न्या. चिठ्ठी मी फुकट देतो. दर चार पाळण्यांमागे सावली, बाक आणि पिण्याचं पाणी दिसलं नाही तर परत येताना लेखी तक्रार करा. आपण राईड बंद होती म्हणून तक्रार करतो, सावली नव्हती म्हणून कोणी करत नाही.

आत जे विकतात त्यातलं सगळंच पाणी भरून काढत नाही, हेही लक्षात ठेवा. शीतपेयांत साखर जास्त, मीठ जवळजवळ नाही. ‘ओआरएस’ हे नाव मिरवणारी गोड पेयंही वर्षानुवर्षं विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. मेडिकलमधली जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पुडी घ्या, पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे. रोज सगळ्यांनी पिण्यासारखं ते पेय नाही, पण जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा कोणी घामाने गळून गेलं, तर तेच कामाचं.

कोणी गरगरून बसलं, पोटऱ्यांत गोळे आले, मळमळतंय, पण बोलणं नीट आहे, तर सावली, थंड जागा, घोट-घोट पाणी आणि त्या दिवसापुरती सहल संपली. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, झटका आला, किंवा अंग भट्टीसारखं तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. शरीर ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं. १०८ ला फोन करा, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावा. मधुमेही माणूस असेल तर साखरही उतरलेली असू शकते, हे येणाऱ्यांना सांगा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. क्रोसिनने हा ताप उतरत नाही.

परदेशात मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी एक परिच्छेद, कारण दर उन्हाळ्यात माझे पाच-सहा पेशंट तिकडे जातात आणि ओरलँडो हे देवदर्शनासारखं यादीत असतंच. जून ते ऑगस्टमध्ये तिथलं हवामान आपल्या मुंबईसारखं चिकट, आणि दुपारी बऱ्याचदा गडगडाटी पाऊस. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती घ्यायला लाजू नका, तिथे तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. लहान मुलामुळे एकाला खाली थांबावं लागत असेल तर दोघांनी आळीपाळीने, दुसऱ्यांदा रांग न लावता बसायची सोय तिथे आहे. आणि प्रवास-विम्यात जुना आजार धरला आहे की नाही, हे विमानात बसायच्या आधी वाचा.

माझे काही डॉक्टर मित्र या सगळ्यावर सोपा उपाय सांगतात, ‘वय झालं, जाऊ नका.’ मला तेही पटत नाही. नातवाला पाळण्यात बसलेलं बघणं हे आजीचं औषधच आहे, आणि घरात टीव्हीसमोर ठेवलेली आजी उन्हापासून वाचते पण लवकर म्हातारी होते. न्यायचं. फक्त बेत तिच्या पायांच्या मापाने आखायचा. घरातल्या सगळ्यात कमजोर माणसाचं वेळापत्रक ते सगळ्यांचं वेळापत्रक, आणि ज्यांना जास्त पळायचं आहे त्यांनी मधल्या वेळात पळावं. मे महिन्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबर-जानेवारीत जा. मी तर म्हणतो शनिवार-रविवार सोडा आणि एक दिवस शाळा बुडवा. रांगेत गेलेले चार तास वाचतील, आणि चौथीचं एक दिवसाचं गणित नंतर भरून काढता येतं. (माझ्या शिक्षिका बहिणीने हे वाक्य वाचू नये.)

काका गेल्या डिसेंबरमध्ये पुन्हा सगळ्यांना घेऊन गेले. जायच्या आधी मुलगा कागदावर बेत लिहून माझ्याकडे आला होता. रबरी तळव्याचे, पाण्यात चालणारे बूट घेतले होते, पार्कला फोन करून ते घालू देतील का हे विचारलं होतं. काकांच्या जेवणाची वेळ साडेबाराची होती, त्यानंतर दोन तास बसून बघायचा कार्यक्रम. खाली सूनबाईंनी वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दर तासाला बाबांचे पाय बघणे — समीर’. मी त्यात एकच गोष्ट खोडली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘पहाटे साडेतीनला निघणे’.